टेंभेकर सरांना काढलं तेव्हा

टेंभेकर सर कुठलीही वस्तू हात लावल्याशिवाय मोजत नसत. कारखान्याच्या रजिस्टरात चाळीस यंत्रं लिहिलेली असली, तर ते चाळीस यंत्रांवर तळहात ठेवून यायचे. यंत्र तापलेलं असेल तर चटका खायचे, धुळीने माखलेलं असेल तर धूळ घेऊन यायचे, आणि मग रुमालाने हात पुसून रजिस्टरात पेन्सिलीची बारीक खूण करायचे. लोक हसायचे. ‘साहब पूजा कर रहे हैं,’ असं एक फोरमन माझ्यादेखत म्हणाला होता. सरांनी ते ऐकलं आणि पुढच्या यंत्रावर हात ठेवला.

मी त्यांच्याकडे आर्टिकल म्हणून लागले. सी.ए. व्हायचं तर आधी तीन वर्षं कुणा सी.ए.च्या हाताखाली राबावं लागतं, ते हे राबणं. जबलपूरच्या ओमती भागात एका चष्म्याच्या दुकानावर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला अधारतालच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात यंत्रं मोजायला पाठवलं. अडतीस भरली. स्टोअरकीपर म्हणाला, ‘‘दीदी, दो रिपेयरिंग में गई हैं.’’ मी चाळीसवर खूण केली आणि परत आले.

‘‘सगळ्यांना हात लावला?’’ सरांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते उठले, स्कूटर काढली आणि मला मागे बसवलं. टळटळीत उन्हात आम्ही तो रिपेअरिंगवाला शोधत फिरलो. दोन्ही यंत्रं त्याच्याकडे होती, पोट उघडून पडलेली. सरांनी मला त्यांच्यावर हात ठेवायला लावला.

‘‘चलो, आता लिही चाळीस.’’

‘‘सर, मी सकाळीही चाळीसच लिहिलं होतं.’’

‘‘सकाळचं खोटं होतं, बापा. आताचं खरं आहे. सकाळी तू स्टोअरकीपरचं बोलणं लिहून आणलं होतं.’’

सर ठेंगणे होते, पाठीत किंचित वाकलेले, आणि बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे. त्यांच्या घराण्यातलं कुणीतरी भोसल्यांच्या चाकरीत दप्तर घेऊन नर्मदेच्या या काठावर आलं आणि इथलंच झालं. त्यामुळे आम्हा जबलपूरच्या सगळ्यांसारखीच त्यांची मराठी अर्ध्या वाटेवर हिंदीत शिरायची. चिडायचे मराठीत, समजवायचे हिंदीत. घरी सुलभाकाकू आणि एकुलती एक मुलगी गौरी. मी आर्टिकल असतानाच गौरीचं लग्न झालं. जावई निखिल फायनान्सचं शिकलेला, एका विमा कंपनीत नोकरीला. दिसायला देखणा, बोलायला गोड. मला तो तेव्हाही आवडला नव्हता असं लिहायचा मोह होतो, पण ते खोटं ठरेल. तेव्हा तो सगळ्यांनाच आवडायचा.

दुपारी डबे उघडले की सर आम्हाला कायदा शिकवायचे. भाकरीचा तुकडा हातात धरून विचारायचे, ‘‘कंपनीच्या ऑडिटरला कोण नेमते?’’

पहिल्यांदा मी ‘संचालक’ म्हणाले होते, आणि सरांनी डबाच बंद केला होता.

‘‘संचालक नेमतात तो मॅनेजर. ऑडिटर सभासद नेमतात. ज्यांनी शेअर घेतले ना, ते खरे मालक. ते वर्षातून एकदा सभेत बसतात, हात वर करतात, आणि आपल्याला पाच वर्षांसाठी नेमतात. काहून? तर त्यांचं घर संचालक चालवून राहिले, आणि ते नीट चालवतात की नाही हे बघायला त्यांना आपला माणूस पाहिजे.’’

‘‘आणि संचालकांना तो माणूस नको झाला तर?’’

‘‘मग खरी गंमत आहे. नेमायला साध्या बहुमताचे हात पुरतात. मुदतीच्या आधी काढायचं म्हटलं, की संचालकांनी ठराव करायचा, केंद्र सरकारकडे अर्ज करायचा, अर्जात कारण लिहायचं. सरकारनं मंजुरी दिली तरच पुन्हा सभासदांची सभा, आणि तिथं चारात तीन मतं. शिवाय ऑडिटरला त्याचं म्हणणं सांगू द्यायचं. एवढं सगळं आपल्या लाडासाठी नाही केलं. चोराला कुत्रं बदलता येऊ नये म्हणून केलं.’’

स्वतःला कुत्रं म्हणवून घेण्यात त्यांना काही वाटत नसे. मला मात्र ते वाक्य फार आवडलं होतं. परीक्षा पास झाल्यावर मी महाराजपूरला घराजवळच एक खोली भाड्याने घेऊन स्वतःचं ऑफिस थाटलं, तेव्हा ते वाक्य मी पुष्कळ ठिकाणी स्वतःचं म्हणून वापरलं.

आता त्या इस्पितळाबद्दल. तिलवाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते उभं आहे. नाव लिहीत नाही, जबलपूरकर ओळखतीलच. शहरातल्या एका नावाजलेल्या मराठी डॉक्टरांनी कंपनी काढली आणि लोकांना शेअर विकले. ‘आपलं इस्पितळ’ म्हणून सहा-सातशे लोकांनी ते घेतले. डिफेन्स फॅक्टरीतले पेन्शनर, रेल्वेतले, शाळामास्तर. माझे बाबाही फॅक्टरीतून निवृत्त झालेले, त्यांनीही घेतले. पहिल्या मोठ्या सभेत चेअरमन डॉक्टरांनी स्वतःच टेंभेकर सरांचं नाव सुचवलं. ‘‘शहरातला सगळ्यात कडक माणूस मी तुमच्यासाठी आणला आहे,’’ असं म्हणाले. टाळ्या पडल्या. सगळे हात वर गेले, त्यात बाबांचाही. कडक माणूस दाराशी बसवला की आतल्या मालाचा भाव वाढतो, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटतं, सरांनाही कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी इस्पितळाच्या मालमत्तेत ऑक्सिजन तयार करणारा प्लांट आला. त्याच महिन्यात सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. चेअरमन फळं घेऊन घरी आले. ‘‘तुम्ही कशाला त्रास घेता, फोटो पाठवतो,’’ म्हणाले. फोटो आला. निळ्या रंगाची टाकी, नळ्या, बाजूला हेल्मेट घातलेला माणूस. सरांनी तो फोटो बघून सही केली.

तिसऱ्या वर्षी ते बिलांचे गठ्ठे चाळत होते. मी दिवाळीचा फराळ द्यायला गेले होते. सर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, ‘‘प्लांट आला, पण विजेचं बिल वाढलं नाही. सिलिंडरचं बिल कमी झालं नाही. मग हा प्लांट हवा देऊन राहिला का हवा खाऊन राहिला?’’ आणि काठी घेऊन उठले. मीच त्यांना माझ्या गाडीतून नेलं.

इस्पितळाच्या मागे सिमेंटचा एक चौथरा होता. वर निळ्या पत्र्याची शेड. आत मोडक्या खाटा, गाद्यांचा ढीग, आणि त्या गाद्यांना येणारा तो वास. इतका की मी पदर नाकाला लावला. सर काठी टेकत आत गेले. चौथऱ्यावर बोल्ट बसवायची भोकंसुद्धा पाडलेली नव्हती. सिमेंट कोरं होतं. त्यांनी त्यावर हात ठेवला आणि तिथे ते बराच वेळ वाकून उभे राहिले. मेंटेनन्सचा माणूस धावत आला, ‘‘सर, इन्स्टॉलेशन चालू है.’’ त्याच वेळी दोन वॉर्डबॉय सिलिंडर ढकलत नेत होते, आणि त्यांच्यामागे एका म्हाताऱ्या पेशंटचा मुलगा ‘‘भैया, जल्दी करो ना,’’ म्हणत चालला होता.

चेअरमननी आम्हाला केबिनमध्ये बसवलं. चहा आला, काजू आले.

‘‘टेंभेकर, पुढच्या वर्षी येईल ना प्लांट. काहून एवढं?’’

‘‘पुढच्या वर्षी येईल तर पुढच्या वर्षी लिहा. गेल्या वर्षी आला म्हणून लिहिलं आहे.’’

‘‘लिहिलं आम्ही. सही तुम्ही केली.’’ चेअरमन हसले. ‘‘आमचं उघडं पाडाल तर आधी तुमचं उघडं पडेल.’’

ते हसू मला अजून आठवतं. ओल्या चिंधीसारखं काहीतरी मानेवरून फिरल्यासारखं झालं. सर म्हणाले, ‘‘अच्छा,’’ आणि चहाला हात न लावता उठले.

कायद्यानं ऑडिटरला मोठा घोटाळा दिसला तर तो आधी संचालक मंडळाला लेखी कळवतो, उत्तरासाठी पंचेचाळीस दिवस देतो, आणि मग सगळं सरकारला पाठवतो. सरांनी दुसऱ्याच दिवशी पत्र दिलं. त्यातला पहिला परिच्छेद स्वतःविरुद्ध होता. गेल्या वर्षी मी वस्तू न पाहता फोटोवर विसंबून सही केली, ही माझी चूक आहे, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं. मी म्हटलं, ‘‘सर, एवढं लिहायची गरज आहे का?’’

‘‘मग काय, त्यांची घाण दाखवायची आणि माझी झाकून ठेवायची?’’

त्या पंचेचाळीस दिवसांत इस्पितळाला सर नको झाले होते. चेअरमन पुन्हा त्यांच्या घरी आले. सुलभाकाकूंनी नंतर मला सगळं सांगितलं. ते म्हणाले, तब्येतीचं कारण देऊन राजीनामा द्या, सन्मानाने निरोप देऊ. सर म्हणाले, ‘‘माझी तब्येत ठणठणीत आहे. राजीनाम्याच्या फॉर्मात कारणाचा रकाना आहे, तिथं मी ऑक्सिजन प्लांट लिहीन. चालेल?’’

‘‘मग आम्हाला काढावं लागेल.’’

‘‘काढा ना. सरकारकडे अर्ज करा. कारण लिहा. मला बोलावतील, मी येईन.’’

कारण लिहिणं त्यांना परवडणारं नव्हतं. दार कायद्यानं बंद केलं होतं. आम्हा सगळ्यांना वाटलं, सर जिंकले.

सदतिसाव्या दिवशी गौरी माहेरी आली. हातात खव्याच्या जिलेबीचा डबा. ‘‘बाबा, निखिलला केवढी मोठी पोस्ट मिळाली! चीफ फायनान्शियल ऑफिसर! त्या तिलवारा रोडच्या इस्पितळात!’’

काकू म्हणाल्या, ‘‘अगंबाई!’’ आणि देवापुढे साखर ठेवायला वळल्या. सर खुर्चीतच होते. गौरीने त्यांच्या हातात जिलेबी ठेवली, ती तशीच हातात राहिली. पाक मनगटावरून बाहीत उतरला.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. ऑडिटरच्या जवळच्या नातलगाला त्या कंपनीत सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांपैकी एकाची जागा मिळाली, तर तो ऑडिटर राहायला अपात्र ठरतो. त्याची जागा आपोआप रिकामी होते. ठराव नको, सरकार नको, सभा नको, कारण नको. जवळच्या नातलगांच्या यादीत मुलीचा नवराही आहे. हा नियम नात्यागोत्याची मिलीभगत होऊ नये म्हणून केलेला. त्या लोकांनी नियम मोडला नाही, तो पाळला. मला सगळ्यात जास्त शिसारी याचीच येते. सकाळी दहाला संचालकांनी निखिलला नेमलं आणि साडेअकराला सरांच्या ऑफिसात पत्र पोहोचलं. ‘आपल्या जामाताच्या नियुक्तीबद्दल हार्दिक अभिनंदन’ अशी त्याची सुरुवात होती.

निखिल संध्याकाळी आला. सरांनी एकच विचारलं, ‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘बाबा, कायद्यात कुठं काही गलत झालं आहे?’’ निखिल म्हणाला. ‘‘मला दुप्पट पगाराची संधी मिळाली. तुमचं एक ऑडिट गेलं. घरातच तर आलं ना सगळं.’’

‘‘तुला माहीत होतं का?’’

‘‘म्हणजे... चेअरमनसाहेब बोलले होते, की तुमच्यासाठीही हे ठीक राहील. नाहीतर तुमच्या त्या सहीचं प्रकरण...’’

सर म्हणाले, ‘‘निखिल, त्यांनी तुला खुर्चीवर नाही बसवलं. माझ्या तोंडावर बसवलं.’’ आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. गौरी रडायला लागली. काकूंनी देवापुढची साखर उचलून सिंकमध्ये टाकली.

आता माझी पाळी. रिकामी झालेली जागा पुढच्या वार्षिक सभेपर्यंत संचालकच भरू शकतात. त्यांनी मला गाडी पाठवली. चेअरमन म्हणाले, ‘‘तू तर टेंभेकरांचीच शिष्या. तुझे बाबा आमचे सभासद. तू आलीस तर कुणी बोट दाखवणार नाही.’’ कडक माणूस नको होता, पण त्याचा शिक्का हवा होता. मला हे कळत होतं. आणि मी संमतीपत्रावर सही केली.

मी स्वतःला सांगितलं, की दुसऱ्या कुणाच्या हाती जाण्यापेक्षा माझ्या हाती बरं. असं आपण सांगत असतो. खरं हे, की माझ्या खोलीत पावसाळ्यात बुरशी यायची, क्लायंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि इस्पितळ मोठं होतं. तीन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. जेवताना बाबांच्या डोळ्याला डोळा दिला नाही. चौथ्या दिवशी सरांकडे गेले.

त्यांनी संमतीपत्राची प्रत हातात घेतली, तारीख बघितली.

‘‘आधी मला पत्र, मग संमती. असा नियम आहे. तू उलटं केलंस.’’

‘‘हो सर.’’

‘‘घाण वाटते का?’’

‘‘हो.’’

‘‘वाटू दे. ती धुऊ नको लवकर.’’ मग खुर्ची ओढून ते माझ्यासमोर बसले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर मी चमक पाहिली. ‘‘आता ऐक. नव्या ऑडिटरनं जुन्याला लेखी विचारलंच पाहिजे, की काही हरकत आहे का. त्यांनी मला बाहेर काढलं, पण माझ्या जागी ज्याला आणलं त्याला माझ्याच दारात यावं लागते. हे ते विसरले. घरी जा आणि मला पत्र पाठव. रजिस्टर्ड. तोंडी एक शब्द विचारू नको.’’

‘‘पण सर, तुम्ही स्वतः सरकारला लिहू शकता की.’’

‘‘आता मी लिहिलं तर म्हणतील, सासरा जावयावर जळून राहिला. तू विचार, मी सांगतो. मग तुला माहीत नव्हतं असं तुला कधी म्हणता येणार नाही.’’

मी पत्र पाठवलं. उत्तर आलं, टाइप केलेली नऊ पानं. चौथरा, पत्र्याची शेड, बिलं, तारखा, आणि पहिल्या पानावर पुन्हा ती फोटोची कबुली. वाचून मला कळलं, की सरांनी मला मदत केली नव्हती. मला पळायला जागा ठेवली नव्हती. मी स्वतः जाऊन पुन्हा सगळं पाहिलं. चौथऱ्यावर आता कुठूनतरी आणलेली एक जुनी टाकी ठेवली होती, निळा रंग ओला होता. माझ्या हाताला लागला. मी मंडळाला पत्र दिलं, पंचेचाळीस दिवस थांबले आणि अहवाल सरकारला पाठवला. माझ्या ऑडिट रिपोर्टातही ते छापून सभासदांच्या घरोघरी गेलं.

मग वार्षिक सभा आली. मला पुढे ठेवायचं की नवा ऑडिटर आणायचा, हे सभासद ठरवणार होते. बाबा म्हणाले, ‘‘मला तिथलं काय कळणार? माझ्या जागी टेंभेकर जाऊ देत.’’ सभासद स्वतः आला नाही तर त्याच्या वतीने दुसऱ्याला पाठवू शकतो. पण अशा माणसाला सभेत बोलता येत नाही, आणि हात वर करून मतदान झालं तर हातही वर करता येत नाही. कागदी मतदान झालं तरच त्याला मत असतं. सरांना हे माहीत होतं. तरी ते आले, मागून तिसऱ्या रांगेत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

दारात प्रत्येकाला एक थर्मास आणि जेवणाचं कुपन मिळत होतं. चेअरमन बोलले, इस्पितळाची प्रगती सांगितली. निखिल त्यांच्या शेजारी नव्या कोटात बसला होता. ऑडिटरला सभेत बोलायचा हक्क असतो, म्हणून मी उभी राहिले. चौथऱ्याचं सांगितलं, सिलिंडरचं सांगितलं. सहा-सात मिनिटं बोलले असेन. मागे थर्मासची झाकणं उघडून बघण्याचे आवाज येत होते. चेअरमन म्हणाले, ‘‘तांत्रिक बाब आहे, आम्ही बघून घेऊ,’’ आणि नव्या ऑडिटरचं नाव पुकारलं. हात वर गेले. मी ते हात बघत होते. मला गणित शिकवणारे सर होते. बाबांच्या खात्यातले दोघं होते. ज्यांच्या घरी आम्ही हळदीकुंकवाला जातो त्या काकू होत्या. कागदी मतदान कुणी मागितलं नाही. टेंभेकर सर एकटे हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, आणि नियम असा होता की त्यांनी तसंच बसावं.

जेवणाच्या रांगेत गणिताचे सर मला म्हणाले, ‘‘बेटा, दवाखाना आपलाच आहे. घरातली घाण चौकात मांडून काय मिळते?’’ त्यांच्या ताटात श्रीखंड होतं.

टेंभेकर सर न जेवता निघाले. थर्मास त्यांनी खुर्चीवर ठेवला होता. एक स्वयंसेविका मागे पळत आली, ‘‘अंकलजी, आपका गिफ्ट!’’ त्यांनी तो घेतला आणि फाटकावरच्या चौकीदाराला दिला. फाटकाबाहेर भिंतीला हात टेकून ते थांबले आणि वाकून ओकले. मी बाटलीतलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं.

‘‘सकाळपासून काही खाल्लं नव्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘मग हे काय निघून राहिलं?’’

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगतानाही तोंड कडू होतं. सरकारी अधिकारी आले, कपाटं उघडली, कागद नेले. चौकशी चालू आहे. चेअरमन म्हणाले, हिशेबांवर सही फायनान्स ऑफिसरची असते, त्यांना विचारा. तेव्हा निखिलने ‘व्यक्तिगत कारणासाठी’ राजीनामा दिला आणि गौरीला घेऊन पुण्याला गेला. चेअरमन अजून फिती कापतात. आणि इस्पितळाने आमच्या व्यवसायाच्या शिस्त समितीकडे एक तक्रार केली, टेंभेकर सरांविरुद्ध. पुरावा म्हणून सरांचंच पत्र जोडलं होतं. पहिला परिच्छेद लाल शाईने अधोरेखित करून.

मी म्हटलं, ‘‘सर, चांगला वकील करू.’’

‘‘कबूल करायला वकील काहून पाहिजे?’’

सुनावणीला मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांना विचारलं, वस्तू न पाहता सही केलीत का? ते म्हणाले, हो. का केलीत? ते म्हणाले, गुडघा दुखत होता, आणि माणूस ओळखीचा होता. एवढंच. ना सफाई, ना चेअरमनचं नाव. तीन महिन्यांसाठी त्यांचं नाव सी.ए.च्या यादीतून काढण्यात आलं. तेवढे दिवस नावापुढे सी.ए. लावायचंही नाही. परतीच्या गाडीत मी रागाने रडत होते. या सगळ्या प्रकरणात आजवर पुरती शिक्षा झालेला तो एकटा माणूस, आणि ज्याने कबूल केलं तोही तोच. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘शिक्षा बरोबर आहे. बाकीच्यांना नाही झाली, ते त्यांचं चुकलं. माझी त्यानं कमी नाही होत.’’

ओमतीच्या ऑफिसवरची पाटी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून उतरवली. स्टूल मी धरलं होतं. दुसरा महिना संपत आला होता, तेव्हा एका सकाळी अंघोळ करून बाहेर येताना ते पडले आणि गेले. कुठल्याही इस्पितळात न्यायची वेळच आली नाही.

गौरी पुण्याहून एकटी आली. वर्तमानपत्रात द्यायची बातमी मी लिहायला घेतली होती. गौरीने माझ्या हातातून कागद घेतला आणि वडिलांच्या नावापुढे मोठ्या अक्षरात ‘चार्टर्ड अकाउंटंट’ लिहिलं. लिहिताना ती हुंदके देत होती. म्हणाली, ‘‘निदान हे तरी राहू दे त्यांचं.’’

सुलभाकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, कागद मागितला, चष्मा नसल्यामुळे डोळ्यांजवळ नेऊन वाचला.

‘‘हे खोड, वैशाली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तीन महिने व्हायला अजून पाच आठवडे आहेत.’’

मी पेन घेतलं आणि खोडलं.